दमानं घे, काकू

माझ्या वहीत मे महिन्यातल्या एका शनिवारची नोंद आहे : ‘सिंडी. १० फेऱ्या, वर १२.’ त्याखाली, घामानं फुटलेल्या शाईत, ‘पुन्हा करायची नाही.’

सिंडी ही कुणी बाई नाही, व्यायाम आहे. भिंतीवर वीस मिनिटांचं घड्याळ लागतं. पाच पुल-अप, दहा पुश-अप, पंधरा स्क्वॉट ही एक फेरी. ती संपली की दुसरी, मग तिसरी. वीस मिनिटं होईपर्यंत जमतील तेवढ्या. वजनं नाहीत, यंत्रं नाहीत, महिनाभर शिकावं असं अवघड काही नाही. आपलंच अंग वर ओढायचं, आपलंच अंग ढकलायचं, आपलंच अंग घेऊन बसायचं आणि उठायचं. कागदावर वाचताना हसू येतं. मलाही आलं होतं.

हा प्रकार क्रॉसफिटचा. ग्रेग ग्लासमन नावाच्या प्रशिक्षकानं कॅलिफोर्नियात २००० साली ही कंपनी सुरू केली. २००३ पासून त्यांनी काही ठरावीक व्यायामांना बायकांची नावं दिली : अँजी, बार्बरा, चेल्सी, फ्रॅन. सिंडी मागाहून आली. नावांमागचं कारण असं की, जी गोष्ट तुम्हाला उताणं पाडून जाते तिला वादळासारखं नाव असलेलं बरं. अटलांटिकमधल्या वादळांना १९७९ पासून पुरुषांचीही नावं देतात, ही बातमी बहुधा त्यांच्या जिमपर्यंत पोचली नव्हती. पण नाव असण्याचा एक फायदा आहे. व्यायाम ठरलेला असल्यामुळे आजचा आकडा आणि सहा महिन्यांनंतरचा आकडा शेजारी शेजारी मांडता येतो. आणि आकडे शेजारी मांडणं हा माझा धंदाच आहे. पुण्यातल्या एका पतसंस्थेत मी बावीस वर्षं हिशेब बघते. वय सत्तेचाळीस. माहेर कोल्हापूर.

जिम आमच्या घराजवळच, पत्र्याच्या शेडमध्ये. कोच सांगलीचा, सव्वीस वर्षांचा पोरगा. पहिला महिनाभर मला ‘मॅडम’ म्हणायचा, आता ‘काकू’. माझी सिंडी सवलतीची आहे, हे आधीच सांगून टाकते. मला अजून सरळ पुल-अप येत नाही. छताला टांगलेल्या रिंगा धरून मी तिरकी होते आणि छाती रिंगांपर्यंत ओढते. पुश-अपला हात जमिनीवर न टेकता गुडघ्याइतक्या उंच लाकडी खोक्यावर टेकते. सरळ पुश-अपमध्ये अंगाच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. हात उंचावर टेकले की तो कमी होतो. स्क्वॉट मात्र पूर्ण, इतरांसारखे.

त्या शनिवारी अकरा वाजता पत्रा तापलेला होता. घड्याळ सुरू झालं आणि मी सुटले. पहिली फेरी बावन्न सेकंदांत. दुसरी अठ्ठावन्न. तिसरी संपली तेव्हा घड्याळात बरोबर तीन मिनिटं. तीन मिनिटांत तीन फेऱ्या, म्हणजे वीस मिनिटांत वीस! डोक्यात हा गुणाकार झाला तो क्षण मला अजून आठवतो. हिशेबात मुरलेल्या बाईला शोभणारी चूक नव्हती ती.

पाचव्या फेरीला खोक्यावर हात टेकले आणि सातव्या पुश-अपला कोपर सरळ होईना. इच्छा होती, श्वासही बऱ्यापैकी होता, पण हात दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे. आठव्या फेरीत एक पुश-अप काढायची, उभी राहायची, फरशीकडे बघायची, परत एक. शेजारून कोच ओरडत होता, ‘थांबू नका!’ त्याचा आवाज लांबून, विहिरीच्या काठावरून यावा तसा येत होता.

मुलीनं सगळं मोबाइलवर टिपलं होतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ते चित्रण लावलं आणि वहीत फेऱ्यांच्या वेळा उतरवल्या. तिसरीपासून : १ मिनिट १०, १ मिनिट २५, असं न करता सरळ सांगते. तिसरीला सत्तर सेकंद लागले, चौथीला पंच्याऐंशी, पाचवीला एकशे दहा, सहावीला एकशे पस्तीस, आणि पुढच्या चार फेऱ्या अडीच मिनिटांच्या आसपास. मग मी आठव्या फेरीची फोड केली. तिला लागले १५५ सेकंद. त्यात रिंगांवर २० सेकंद, पुश-अपची प्रत्यक्ष हालचाल २०, स्क्वॉट ३४. उरलेले ८१ सेकंद मी नुसती उभी होते. पाचव्या ते दहाव्या फेरीपर्यंतचं असं उभं राहणं जोडलं तर ७ मिनिटं २० सेकंद भरली. वीस मिनिटांच्या व्यायामात सात मिनिटं मी फरशीच बघत होते.

मग ही सात मिनिटं गेली कुठे? सोमवारी कोचला वही दाखवली. तो म्हणाला, ‘काकू, तुम्ही पहिल्या तीन मिनिटांतच सगळं खर्च केलंत.’ खर्च हा शब्द त्यानं वापरला आणि गोष्ट माझ्या प्रांतात आली.

स्नायूला आकुंचन पावायला एटीपी नावाचं इंधन लागतं आणि ते स्नायूत जेमतेम काही सेकंदांपुरतंच असतं. ते सतत भरत राहावं लागतं, आणि भरण्याच्या वाटा तीन. पहिली क्रिएटिन फॉस्फेटची. ही खिशातली रोकड. हात घातला की मिळते, पण जोर लावला तर दहाएक सेकंदांत खिसा रिकामा. दुसरी वाट म्हणजे साठवलेली साखर ऑक्सिजनची वाट न बघता फोडणं. हे हातउसनं. पटकन मिळतं, पण त्याच्या मागोमाग स्नायूत आम्लता वाढते, जळजळ होते, आकुंचनाची ताकद घटते. तिसरी वाट ऑक्सिजनची. हा पगार. सावकाश येतो, पण येत राहतो. तिन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात. प्रमाण बदलतं एवढंच. वीस मिनिटांच्या व्यायामात एकूण खर्चाचा फार मोठा भाग पगारातूनच भागतो. आणि रिकामा झालेला खिसाही पगारातूनच भरतो : क्रिएटिन फॉस्फेट साधारण अर्ध्या मिनिटात निम्मं परत येतं, पुरतं यायला काही मिनिटं लागतात. मी मात्र पहिल्या तीन मिनिटांत रोकड उडवून हातउसनं काढलं होतं आणि उरलेली सतरा मिनिटं ते फेडत बसले होते.

(जिममध्ये या जळजळीला सर्रास ‘लॅक्टिक ॲसिड साठलं’ म्हणतात. बिचाऱ्या लॅक्टेटवर हा जुना आळ आहे. हृदय आणि दुसरे स्नायू तेच लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात.)

पण नुसत्या दमाचा हा प्रश्न असता तर माझे पायही थांबले असते. ते थांबले नाहीत. आठव्या फेरीतही पंधरा स्क्वॉट चौतीस सेकंदांत झाले होते. थांबले ते हात. सिंडीची खरी चलाखी इथे आहे. ओढणं पाठीचं आणि मुठीचं काम, ढकलणं छातीचं आणि दंडाच्या मागच्या बाजूचं, बैठक मांड्यांची. एक कामाला लागला की दुसरे दोन विश्रांती घेतात, म्हणून सलग चालत राहता येतं. विश्रांती मिळत नाही ती फक्त हृदयाला आणि फुप्फुसांना. आणि तिघांपैकी जो सगळ्यात कमजोर, तो अख्ख्या फेरीचा वेग ठरवतो. बहुतेकांच्या बाबतीत तो पुश-अपचा स्नायू असतो, कारण फेरीत ते दहा आहेत आणि त्यांत छोटे स्नायू राबतात. माझ्याशेजारी व्यायाम करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाचे हात दणकट आहेत. त्याचा दम स्क्वॉटमध्ये जातो. आपलं कुठे अडतं ते आधी शोधायला हवं.

माझं गणित कोचनं खडूनं फळ्यावर मांडलं. मी ताजी असताना खोक्यावर सलग चौदा पुश-अप काढू शकते. पहिल्या फेरीत दहा सलग काढले म्हणजे ऐपतीच्या सत्तर टक्क्यांहून जास्त खर्च. ते करून मिनिटभरात परत तेच, परत तेच. स्नायू पूर्ण अडेपर्यंत रेटला की त्याला सावरायला फार वेळ लागतो. अडायच्या बराच आधी सोडला तर पाच-सहा सेकंदांत तो पुन्हा उभा राहतो. म्हणून पहिल्याच फेरीपासून, अंगात कितीही उत्साह असला तरी, दहाचे तुकडे करायचे : ४, ३, ३. मध्ये तीन श्वास. ‘तुटायच्या आधी तोडायचं,’ हे कोचचं म्हणणं. मग हसून म्हणाला, ‘दमानं घ्या काकू.’

हा शब्द मी तीस वर्षांनी ऐकला. माझे आजोबा तरुणपणी तालमीत जायचे; म्हातारपणी पहाटे माडीवर जोर-बैठका काढायचे. मी सात-आठ वर्षांची. माझं काम चिंचोके मोजण्याचं. वीस जोर झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. मला घाई असायची, मी मधेच ‘झाले वीस!’ म्हणायची, तर खालूनच ते म्हणायचे, ‘दमानं गं पोरी.’ तालमीतला जोर आणि जिममधला पुश-अप सख्खे भाऊ नव्हेत, चुलत. जोरात अंग मागून पुढे झोक्यासारखं सरकतं. पण आजोबांची चाल मला आता कळते. पहिला चिंचोका आणि शेवटचा चिंचोका सरकायला जवळपास तेवढाच वेळ लागायचा. मला ते कंटाळवाणं वाटायचं. आणि शब्द तर बघा. आपल्याकडे हळू घे म्हणायला ‘दमानं’ म्हणतात. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे ताकद, आणि दम धरणं म्हणजे थांबणं. तिन्ही एकाच शब्दात असताना मी गुणाकार करत सुटले होते.

दोष माझ्या एकटीचा नाही असंही मला वाटतं. ‘हाय इंटेन्सिटी’ हा शब्द गेल्या काही वर्षांत इतका गाजला की लोकांना वाटतं, पहिल्या सेकंदापासून जीव तोडून करायचं तेच खरं. याचं मूळ बऱ्याच अंशी जपानच्या इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासात आहे. त्यात वीस सेकंद जीव तोडून सायकल आणि दहा सेकंद थांबायचं, असं सात-आठ वेळा. पण ते सगळं मिळून चार मिनिटांत संपायचं! चार मिनिटांचं शहाणपण वीस मिनिटांना लावलं की माझी आठवी फेरी होते. या जिमच्या आधी मी ज्या जिममध्ये जात होते तिथले सर प्रत्येक व्यायामाला, तो दोन मिनिटांचा असो की अर्ध्या तासाचा, ‘पुश, पुश’ एवढंच ओरडायचे. ओरडण्यानं जोर येतो हे खरं, पण तो शेवटच्या दोन मिनिटांत आला पाहिजे.

लांबीप्रमाणे चाल कशी बदलते हे क्रॉसफिटच्याच दुसऱ्या व्यायामांवरून चांगलं दिसतं. फ्रॅन घ्या. दांडा खांद्यांवर धरून पूर्ण बसायचं आणि उठता उठता तो डोक्यावर ढकलायचा, याला थ्रस्टर म्हणतात. २१ थ्रस्टर, २१ पुल-अप, मग १५-१५, मग ९-९. पुरुषांना ४३ किलो, बायकांना साधारण ३० किलो. तयारीचे खेळाडू ती अडीच-तीन मिनिटांत उरकतात. त्यांना हातउसनं परवडतं, कारण फेडायच्या आत घड्याळ थांबतं. ज्याला तीच फ्रॅन करायला दहा मिनिटं लागतात त्यानं त्यांची नक्कल केली की संपलं. उलट टोकाला मर्फ. अमेरिकी नौदलाच्या सील पथकातले लेफ्टनंट मायकल मर्फी २८ जून २००५ रोजी अफगाणिस्तानात मारले गेले. त्यांच्या आवडीच्या व्यायामाला क्रॉसफिटनं त्यांचं नाव दिलं. आधी १.६ किलोमीटर धावायचं, मग १०० पुल-अप, २०० पुश-अप, ३०० स्क्वॉट, मग पुन्हा १.६ किलोमीटर, आणि हे सगळं अंगात नऊ किलोचं जाकीट घालून. आकडे नीट बघा : मधला भाग म्हणजे सिंडीच्या वीस फेऱ्या. म्हणूनच बरेच जण तो शंभर-दोनशे-तीनशे असा सलग न करता सिंडीसारखा वाटून करतात. आणि चेल्सीत तर चाल घड्याळच ठरवतं : सिंडीचीच एक फेरी, दर मिनिटाला एक, तीस मिनिटं. लवकर संपली तर उरलेले सेकंद तुमचे. उशीर झाला तर तुम्ही बाद.

माझी फेरी कोचनं पंच्याण्णव सेकंदांची ठरवली. रिंगांवर १४. खोक्यापर्यंत जायला ५. पुश-अपचे तीन तुकडे, मधल्या श्वासांसकट, ३०. स्क्वॉटची जागा घ्यायला ३. पंधरा स्क्वॉट ३३ सेकंदांत, खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर, एका स्क्वॉटला एक श्वास. बैठका ही धाप लागायची जागा नसून धाप आवरायची जागा आहे. मग रिंगांपर्यंत चालत जायला १०. या चालण्याला किंमत आहे. मे महिन्यात माझं खोकं रिंगांपासून आठ पावलांवर होतं आणि पाण्याची बाटली पार भिंतीशी. फेरीला फक्त पंधरा सेकंद जाण्या-येण्यात गेले तरी बारा फेऱ्यांत तीन मिनिटं होतात, म्हणजे जवळपास दोन फेऱ्या. आता खोकं रिंगांखालीच, दोन पावलांवर. पाणी आधी प्यायचं.

वेग बरोबर आहे का हे ओळखायची कोचची पद्धत वेगळीच आहे. तो मधेच येऊन विचारतो, ‘काकू, आज भाजी काय केली?’ पहिल्या सात मिनिटांत मला पूर्ण वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे. मधल्या सात मिनिटांत एक शब्द. शेवटी मी नुसतं त्याच्याकडे रागानं बघितलं तर ठीक चाललंय.

दुसरी सिंडी जुलैत झाली, आठ आठवड्यांनी. सकाळी साडेसहा, बाहेर पाऊस. सुरुवातीची पाच मिनिटं लाजिरवाणी होती. तीन मिनिटं झाली तेव्हा माझ्या दोनही फेऱ्या पुऱ्या झाल्या नव्हत्या; शेजारचा मुलगा चौथीत होता. ‘दोडक्याची केलीय, भात उरलाय कालचा,’ असं मी ऐटीत सांगितलं आणि त्याच वेळी मनातून वाटत होतं की हे काही खरं नाही, आज मेमधल्यापेक्षाही कमी होणार. पाच मिनिटांना मी मेमधल्या स्वतःच्या एका फेरीनं मागे होते. दहा मिनिटांनाही मागेच.

सातवी फेरी संपली तेव्हा घड्याळात ११:०५ होते. मे महिन्यात सातवी संपली होती ११:०० ला. वीस मिनिटांच्या निम्म्याहून जास्त वेळ गेल्यावर, पहिल्यांदा, दोघी शेजारी आल्या. आठवीनंतर मी पंचावन्न सेकंद पुढे. त्यानंतर तिकडची मी फरशी बघत उभी आणि इकडची मी ४, ३, ३. एकही फेरी १ मिनिट ३२ सेकंदांच्या खाली गेली नाही, एकही १ मिनिट ३९ च्या वर गेली नाही. बारावी संपली एकोणिसाव्या मिनिटाला, आणि शेवटच्या साठ सेकंदांसाठी हातात जे होतं ते सगळं उधळलं : पाच, सलग दहा, आणि आठ स्क्वॉट. १२ फेऱ्या, वर २३. मेमध्ये एकूण हालचाली ३१२ होत्या, जुलैमध्ये ३८३.

हिशेबनीस म्हणून हेही नोंदवते की एकाहत्तरचं सगळं श्रेय चालीला देता येणार नाही. जुलैत पत्रा थंड होता, आणि आठ आठवडे मी पुश-अपचा सराव केला होता. पण माझी सलग पुश-अपची मर्यादा चौदावरून सोळावर गेली होती, एवढंच. दोन पुश-अपच्या ताकदीनं सात मिनिटांचं उभं राहणं गेलं, असं काही मला वाटत नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. नव्यानं येणारा माणूस ईर्षेनं पहिल्याच दिवशी शेकड्यांनी पुल-अप किंवा स्क्वॉट करतो तेव्हा स्नायूंचे तंतू इतके फुटू शकतात की त्यातलं द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांवर भार येतो. याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू प्रमाणाबाहेर दुखले-सुजले आणि लघवी चहाच्या डिकॉक्शनसारखी गडद झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारा.

आणि सिंडी करून बघायचीच असेल तर पहिल्यांदा दहा मिनिटांचीच करा, पुश-अप पहिल्या फेरीपासून तोडून काढा, आणि फेऱ्या मोजायला हाताशी काहीतरी ठेवा, कारण सातवी की आठवी हे त्या वेळी आठवत नाही. माझ्या जिममधले लोक फळ्यावर खडूच्या रेघा ओढतात. मी चिंचोके ठेवते.